माहेर चालून आलं

कारवीची वाडी
४ एप्रिल २०२३

गोकुळ,

फोनवर तू नुसतं "हां आक्का, हां आक्का" करतोस आणि तेवढ्यात इथली रेंज जाते. म्हणून लिहायला बसले. अंगणवाडीची पोरं आत्ताच घरी गेली, पातेली घासायची राहिलीत.

आई परवा येऊन गेली. तिनं सांगितलं ते ऐकून ऊर भरून आला. द्राक्षांचं पॅकहाऊस बंद पडलं तेव्हा मला वाटलं, आता तू चाकणला नाहीतर पुण्याला जाणार. सुपरवायझर माणूस, तुला कुणीही घेतलं असतं. पण तू गेला नाहीस. देवळाच्या मंडपात चूल मांडलीस, आणि ज्या बायका तुझ्या हाताखाली द्राक्षं निवडायच्या त्यांच्या घरादाराला जेवायला घालतोस. आई म्हणाली, "पोरी, अख्ख्या पिंपळठाणात कुणाच्या हाताला काम न्हाई. टमाट्यावर रोग पडला, उपटून बांधावर टाकला. लोकं एकमेकाच्या दारात जायला लाजत्यात. पर गोकुळच्या पंगतीला कुणी लाजत न्हाई."

तिकडच्या बायका आमच्या रानात हिरडा गोळा करायला येतात हल्ली. सरूबाई तर चार रात्री माझ्याकडंच राहिली. दिवसभर कड्याकपारीत फिरायची आणि संध्याकाळी माझ्या चुलीपाशी बसून तुझं गुणगान करायची. मला आवडायचं ऐकायला.

दुधाच्या गाडीतून दोन पोती पाठवतेय, एक वरईचं, एक नाचणीचं. मामंजींनी स्वतः भरून दिली. म्हणाले, "सुनंचं माहेर उपाशी ऱ्हाऊन कसं चालंल?" तुझे दाजी तळ्यातले मासे सुकवून देणार आहेत, ते पुढच्या खेपेला.

एक गोष्ट सांगते, रागावू नकोस. आई म्हणाली, जेवायला बसण्याआधी तुझ्यामागं हिंडणारा तो पोरगा, पोपट, तुझ्या नावाचा जयजयकार करतो आणि सगळी पंगत त्याच्यामागं ओरडते. ती हसत सांगत होती. तू थांबव ते. पानावर बसलं की देवाचं नाव घ्यावं.

तुझ्या बायकोला म्हणावं, सोनल, मोहोर गळाला तरी कैऱ्या आहेत, येऊन घेऊन जा.

तुझी आक्का

कारवीची वाडी
२० नोव्हेंबर २०२३

गोकुळ,

भाऊबीजेला मी न जेवता का उठले, असं तू आईला विचारलंस म्हणे. मला विचारायला काय झालं होतं?

तुला ओवाळताना खोलीत चार पोरं उभी होती, पिवळ्या टी-शर्टातली. प्रत्येकाच्या छातीवर तुझं तोंड. बहिणीनं भावाला ओवाळायचं आणि चार माणसांनी पहारा द्यायचा, हे मी आजवर कुठं पाहिलं नव्हतं. ओवाळणीत तू साडी घातलीस, तिच्या पिशवीवरही तुझाच फोटो. सोनल आत चुलीशी होती, माझ्याशी एक शब्द बोलली नाही. तू खोलीतनं गेल्यावर बोलेल म्हणून थांबले, तर ती पोरं तुझ्यामागं गेलीच नाहीत.

तू परत आत आलास तेव्हा मी प्रबुद्धचं विचारलं. तुला आठवत नसेल तर मी आठवण देते. बाबा गेले तेव्हा त्याच्या आईनं, द्रौपदामावशीनं, आपल्या घरी भाकरी आणून दिली. तू आणि तो एका बाकावर शिकलात. तो वायरमन झाला, गावातला अर्धा उजेड त्याच्या हातचा. आणि ग्रामसभेत तो एवढंच बोलला, की सरपंच बिनविरोध करायची घाई नको, मी उभा राहतो, लोकांना मत देऊ द्या. त्यानंतर त्याला वायरिंगचं एक काम मिळालं नाही. मावशीला पंगतीतून उठवलं.

तुला मी विचारलं, "त्यानं काय वाईट केलं?"

तू म्हणालास, "काही न्हाई केलं, आक्का. पर उपाशी गावात दोन आवाज चालत न्हाईत. दोन आवाज झालं की लोक भांडत बसत्यात आन चूल इझती."

"आता तर जेवतंय गाव."

"माझ्यामुळं जेवतंय."

पोपट हसला. मी म्हणाले, "द्रौपदामावशीला पानावरनं उठवलंस?"

"मी न्हाई. लोकांनी उठवलं."

लोकं कुणाच्या तोंडाकडं बघून उठवतात, हे तुला कळत नाही असं मी मानू? तेव्हा मी साडी पाटावर ठेवली आणि निघाले. एसटीची वाट बघत फाट्यावर उभी होते तर सगळीकडं तुझे फ्लेक्स. बिनविरोध सरपंच झाल्याबद्दल अभिनंदन, खाली गावातल्या एकूण एक माणसाचं नाव. द्रौपदामावशीचंसुद्धा. तिला विचारून छापलं का रे?

ते दोघं आता खोडदला राहतात. तिथल्या दुर्बिणीच्या वसाहतीत प्रबुद्धला लाइनीचं काम मिळालं. तू जरा जाऊन ये. माफी मागू नकोस हवं तर. नुसता चहा पिऊन ये.

आक्का

कारवीची वाडी
६ मे २०२४

गोकुळ,

तुझं उत्तर आलं. लेटरहेडवर. "आपले पत्र मिळाले. गावाच्या विकासकार्यात आपले सहकार्य अपेक्षित आहे." खाली शिक्का. बहिणीला शिक्का मारून पत्र पाठवणारा भाऊ मी वाडीत सगळ्यांना दाखवणार होते, मग लाज वाटली आणि फडताळात ठेवून दिलं.

तुझ्या सभेचा व्हिडिओ इथं पोरांच्या मोबाइलवर आलाय. मी तीनदा बघितला. पहिल्यांदा वाटलं, आवाज दुसऱ्या कुणाचा लावलाय. तू म्हणतोस, पॅकहाऊस बंद पडलं ते पाणी नव्हतं म्हणून. टमाटा गेला तो पाणी नव्हतं म्हणून. आणि पाणी वरच्यांनी अडवून ठेवलंय. "डोंगरावर पडतं ते पाणी खालच्या गावाचंच हाय, त्येला फक्त वाटंत गाठून बसवलंय." लोक टाळ्या वाजवतात. पुढच्या रांगेत सरूबाई बसलीय.

गोकुळ, पॅकहाऊस मालकानं बंद केलं. त्याला दुसरीकडं स्वस्त पडलं म्हणून तो मशिनं उचलून गेला, हे मला तूच सांगितलं होतंस. तेव्हा तू रडला होतास. आता त्या मालकाचं नाव तुझ्या तोंडी येत नाही, कारण तो हाताला लागणारा नाही. आम्ही लागतो.

आईकडून सगळं कळतं मला. धान्य द्यायला येणारे पुण्याचे लोक आता येत नाहीत. पंगत आठवड्यातून दोनदाच होते. कामाचं तू सगळ्यांना कबूल केलं होतंस, काम कुठून आणणार? तुझ्याकडं देण्यासारखं काही उरलं नाही तेव्हा तुला आमचं तळं दिसायला लागलं.

तुझे दाजी परवा तुझ्याकडं आले होते ते भांडायला नव्हते आले. वाडीनं बसून ठरवलं होतं, की पाऊस झाला आणि तळं भरलं की पिंपळठाणला पाळीनं पाणी सोडायचं. आधी प्यायचं, मग शेतीचं. मामंजी स्वतः म्हणाले, द्या. हा निरोप घेऊन आलेल्या माणसाला तू ग्रामपंचायतीच्या अंगणात उन्हात उभं केलंस. आतून पोपट येऊन सांगून गेला, "सायेब कामात हायेत." शेवटी तू बाहेर आलास आणि चारचौघांत म्हणालास, "दाजी, भीक मागायची सवय न्हाई आमाला."

पाळी तुला नकोच होती. पाळीनं पाणी मिळालं असतं तर ते वाडीनं दिलं असतं. तुला तू आणलेलं हवं होतं.

घरी आले ते दोन दिवस जेवले नाहीत. तुला माहितीये, ते बोलणारे नाहीत. मासे, जाळं आणि मी, एवढंच त्यांचं जग. त्या माणसाच्या डोळ्यात मी जे बघितलं ते मला आवडलं नाही.

सोनल आळ्याला माहेरी गेली ती आलीच नाही म्हणे. तिचं बरोबर आहे. ज्या घरात ओसरीवर पिवळी पोरं झोपतात त्या घरात बाईनं कसं राहायचं?

मंगल

कारवीची वाडी
१९ डिसेंबर २०२४

सरपंच,

तुझ्या माणसांनी तुला काय सांगितलं माहीत नाही, म्हणून मी जे बघितलं ते लिहिते.

तुम्ही आलात तेव्हा मी अंगणवाडीत खिचडी वाढत होते. घाटातून टेम्पोंचा आवाज आला. पोरं ओरडली, "वऱ्हाड आलं, वऱ्हाड आलं." मीही दारात गेले. पुढं दोन जेसीबी, मागं पाइप भरलेली गाडी, आणि टेम्पोत पिवळी माणसं उभी. आई नंतर म्हणाली, आदल्या सोमवारी तू सगळ्यांना भीमाशंकरला नेऊन शपथेचा बेलभंडारा उचलायला लावलास. देवाला मध्ये घातलंस म्हणजे माघार घ्यायची सोय राहू नये.

मी धावत तळ्यावर आले तर मामंजी बांधावर घोंगडी टाकून बसले होते. तो बांध त्यांच्या पिढीनं घातलाय, डोक्यावर दगड वाहून. तुला बघून ते म्हणाले, "या पावणं. पाणी प्या, मग बोलू."

तू म्हणालास, "म्हातारबा, बोलणं झालं. उठा."

"मी हितंच बसतो. तुमी तुमचा पाइप माझ्यावरनं न्या."

तू पोपटकडं बघितलंस. तोंडानं काही बोलला नाहीस, हे खरं. पोपट आणि दुसरे दोघं पुढं झाले, त्यांनी मामंजींना घोंगडीसकट उचललं, आणि ते त्यांच्या हातातून सुटून बांधाच्या दगडावरून खाली गेले. तुझे दाजी धावले तर पाइपच्या तुकड्यानं त्यांना मारलं. एकानं नाही, पुष्कळांनी. मी "गोकुळ, गोकुळ" म्हणून ओरडत होते. तुला ऐकू गेलं. तू माइक हातात घेतलास.

पाइप टाकून होईपर्यंत तुम्ही तळ्यात जाळी लावलीत. मग खालून बायका आल्या, घमेली घेऊन. तू त्यांना आणायला वेगळी गाडी ठेवली होतीस. माझ्या माहेरच्या बायका. जिच्या लग्नात मी करवली होते ती होती, मला शाळेत गणित शिकवणाऱ्या बाईंची सून होती. सरूबाईच्या ओच्यात मासे फडफडत होते. मी तिच्यापुढं जाऊन उभी राहिले, नुसतं "सरूबाई" म्हणाले.

ती म्हणाली, "काय करू मंगल, घरात दाणा न्हाई." आणि मग, माझ्याकडं न बघता, "आन गोकुळदादा म्हन्लं, घ्या."

घरात दाणा नाही हे मला माहीत होतं. दाणा नसताना ती माझ्याकडं आली होती तेव्हा तिनं चुलीतली राखसुद्धा विचारून घेतली होती. तू तिला "घ्या" म्हणालास आणि तिचं विचारणं संपलं.

पोलीस आले तेव्हा तळ्यावर "पिंपळठाण जलाशय" असा फ्लेक्स लागून झाला होता. दोन्हीकडची नावं लिहून घेतली. केस चालू आहे म्हणतात.

मामंजी मंचरच्या दवाखान्यात वारले. त्यांनी शेवटी कुणाला काही सांगितलं नाही, शुद्धच नव्हती. दहाव्याला माहेरहून आई तेवढी आली, आणि तीही डोंगरातून चालत, कारण एसटीत कुणी विचारलं असतं कुठं निघालीस. ती माझ्या शेजारी बसून राहिली. जाताना म्हणाली, "त्यानं मुद्दाम न्हाई केलं गं."

तुझी आई आहे ती.

पॅकहाऊस चालू असतं तर तू अजून सुपरवायझर असतास, संध्याकाळी घरी येऊन टीव्ही बघत असतास, आणि पोपटला तू रस्त्यात ओळखही दिली नसतीस. हे मनात येतं आणि तुझी कीव येते. मग तुझे दाजी कूस बदलताना कण्हतात आणि कीव जाते.

मंगल रामदास

कारवीची वाडी
२७ एप्रिल २०२५

गोकुळ,

तळं आटलं. मधे चिखल आहे, त्यात म्हशी बसतात.

तुमच्याकडं टमाटा जोरात आला असं ऐकलं. आणि सगळ्या तालुक्यातच जोरात आल्यामुळं नारायणगावच्या बाजारात कुणी विचारलंसुद्धा नाही, हेही ऐकलं. आई म्हणते, लोक परत तुझ्या ओसरीवर येऊन बसतात. आणि तू आता पलीकडच्या खोऱ्यातल्या गायरानाचं बोलायला लागलास. तेही मुळात पिंपळठाणचंच होतं ना?

आमचं विचारशील तर उन्हाळी भाजी गेली, मासे गेले. पोरं आळेफाट्याला हमाली करतात, जी राहिलीत ती पारावर बसून मोबाइलवर तुझे व्हिडिओ बघतात. शिव्या देत बघतात, पण बघतात. तू कसा चालतोस, कसा हात वर करतोस, सगळं पाठ आहे त्यांना.

प्रबुद्ध येऊन गेला. त्यानं एक वकील बघितलाय, तळं कागदोपत्री वाडीच्या हद्दीत आहे म्हणाला, दावा टिकतो. मी खूश झाले. तुझे दाजी त्याला म्हणाले, "भाऊ, दाव्याचा निकाल लागंपतूर वाडी उठंल." प्रबुद्ध म्हणाला, "रामदासदादा, माझं घर असंच उठलं. तरी मी सांगतो, थांबा." ते उठून बाहेर गेले.

त्यांचा डावा हात आता खांद्याच्या वर जात नाही. जाळं टाकता येत नाही, आणि टाकायला तळंही नाही. पण बोलायला लागलेत. मला वाटलं होतं त्यांना बोलता येत नाही, तर छान येतं. रोज संध्याकाळी पोरं आमच्या अंगणात जमतात. भातही मीच रांधते, कारण ती उपाशी असतात आणि मला उपाशी माणूस बघवत नाही. जेवून झालं की तुझे दाजी सांगायला लागतात. बांध कुणी घातला, मामंजी कसे पडले, कोण कोण हसत होतं. दर वेळी हसणारे वाढतात. मी तिथं होते, गोकुळ. एवढे लोक हसत नव्हते.

परवा वाडीची बैठक झाली. आजपासून रामदास सांगेल ते, कुणी मध्ये बोलायचं नाही, असं ठरलं. हात वर करा म्हणाले. म्हाताऱ्या लंकाबाईनंसुद्धा केला. मी माझे दोन्ही हात पदरात धरून बसले. सगळी वाडी माझ्याकडं बघायला लागली, आणि मला कळलं की त्या दिवशी ग्रामसभेत प्रबुद्धला कसं वाटलं असेल. मागून कुणीतरी म्हणालं, "ती पिंपळठाणची हाय."

लग्नानंतरचं माझं अख्खं आयुष्य इथं गेलं. ह्या वाडीतली निम्मी पोरं माझ्या अंगणवाडीत अ आ शिकली. बैठकीच्या दुसऱ्या दिवसापासून तीन घरांनी पोरं पाठवणं बंद केलंय.

घरी आल्यावर मी ह्यांना म्हणाले, "तुमी गोकुळ व्हायला निघालात."

ते म्हणाले, "गोकुळ जिंकला की न्हाई?"

"काय जिंकला? चिखल?"

"लोकं त्याच्यामागं हायेत. माझ्या बापामागं कोण व्हतं?"

ह्याचं उत्तर तुला सुचलं तर लिही. लेटरहेड चालेल.

मंगल

कारवीची वाडी
१२ नोव्हेंबर २०२५

गोकुळ,

गेल्या आठवड्यात मी पिंपळठाणला येऊन गेले. तू पलीकडच्या खोऱ्यात सभेला गेला होतास. आईला न्यायला आले होते. पोपटच्या पोरांनी मला ओसरीवर बसवून ठेवलं, पिशवी तपासली, मग आत सोडलं. आईला म्हणाले, चल, थंडीचं माझ्याकडं राहा. ती म्हणाली, "मी गेले तर लोक म्हनतील आईनंच सोडला. आन तू मला न्यायला का आलीस ते सांग आधी." मी तिची लुगडी पिशवीत भरायला घेतली. तिनं माझ्या तोंडाकडं पुष्कळ वेळ बघितलं. मग म्हणाली, "जा तू. अंधार व्हईल घाटात."

हे पत्र प्रबुद्ध स्वतः तुझ्या हातात देईल. त्याला मारू नका, त्याला आत काय लिहिलंय ते माहीत नाही. तो माझ्या शब्दावर तुझ्या दारात येतोय, आणि तुझ्या दारात यायची त्याला काही गरज नाही.

शनिवारी आईला घरात ठेवू नकोस. आळ्याला सोनलकडं पाठव, सोनल नाही म्हणणार नाही. का ते विचारू नकोस आणि माझ्याकडं माणूस पाठवू नकोस. ह्याच्याहून एक शब्द जास्त लिहिला तर मी माझ्या नवऱ्याला तुझ्या हाती दिलं असं होईल. इथल्या पोरांनाही. त्यांतली काही अजून माझ्याकडं खिचडी खायला आल्यासारखी दिसतात मला.

तू हुशार आहेस, तुला एवढ्यावर कळेल. कळल्यावर तू काय करशील तेही मला माहीत आहे. माणसं गोळा करशील, भाषण करशील, आणि म्हणशील, बघा, मी सांगत होतो. म्हणजे मी हे लिहून दोन्हीकडची माणसं मारतेय, आणि नाही लिहिलं तर आई. रात्रभर दोन्ही बाजूंनी विचार केला. शेवटी आई निवडली. वाडीला कळलं तर मला इथं जागा नाही, आणि तुझ्याकडं मी येणार नाही.

शुक्रवारीच पाठव. चालत नको, तिचे गुडघे धरलेत. प्रेशरच्या गोळ्या देव्हाऱ्याच्या खाली स्टीलच्या डब्यात असतात, सकाळची अर्धी आणि रात्रीची एक. ती सांगणार नाही, तूच बरोबर दे.

मंगल